मानेतली गाठ विरली, तरी फाइल बंद करू नये

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गर्भारपणातला रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन यांवर वर्तमानपत्रांतून बरेच छापून येते, आणि ते यायलाच हवे. गरोदर बाईच्या मानेत लागलेल्या गाठीबद्दल मात्र सहसा कोणी लिहीत नाही. हे पत्र अशा गाठीच्या एका दुर्मीळ कारणाविषयी आहे. त्या आजाराचे नाव किकुची-फुजिमोतो. दुर्मीळ आजारासाठी वर्तमानपत्राची जागा का अडवावी, असे कोणी विचारील. हा आजार बहुतेकदा आपला आपण बरा होतो. नुकसान होते ते दोन वाटांनी: त्याला क्षयरोग समजून महिनोन् महिने गोळ्या खाल्ल्या जातात, किंवा त्याच्या मागे उभा असलेला ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार, ओळखायचा राहून जातो. पोटात बाळ असताना ही दुसरी चूक दोन जिवांना भोवू शकते.

१९७२ साली जपानमध्ये मासाहिरो किकुची यांनी, आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे फुजिमोतो व त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराचे वर्णन केले. तो चाळिशीच्या आतल्यांना, पुरुषांपेक्षा बायकांना आणि आशियाई वंशाच्या लोकांना अधिक होतो. म्हणजे मुले होण्याचे आणि या आजाराचे वय एकच. गाठ बहुधा मानेच्या एकाच बाजूला, कानामागून खांद्याकडे उतरणाऱ्या भागात लागते. ती साधारण एक-दोन सेंटिमीटरची असते, क्वचित त्याहून बरीच मोठी, आणि दाबली की दुखते. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते हे सगळ्यांना ठाऊक आहे. इथे मात्र दात, घसा, डोक्याची त्वचा कितीही तपासली तरी तशी जखम सापडत नाही. तीनांतल्या एकाला, कधी निम्म्या रुग्णांना ताप असतो. थकवा, रात्रीचा घाम, सांधेदुखी, अंगावर पुरळ हेही दिसते. एक ते चार महिन्यांत सगळे ओसरते. शंभरातल्या तीन-चार जणांना तो पुन्हा उद्भवतो.

गर्भारपणात हे चित्र धूसर होते. थकवा आणि घाम तर ‘या दिवसांत व्हायचेच’ म्हणून सोडून दिले जातात. रक्ताच्या तपासण्याही फसवतात, आणि त्या कशा फसवतात हे नीट समजून घेण्यासारखे आहे. ईएसआर (लाल पेशी नळीत खाली बसण्याचा वेग, शरीरातल्या दाहाची खूण) निरोगी गर्भारपणातही वाढलेला असतो, रक्त कमी असेल तर आणखीच. म्हणून त्याच्या आकड्यावरून काहीच ठरवू नये. पांढऱ्या पेशी गर्भारपणात वाढतात, दहा-बारा हजार हे नेहमीचे. किकुचीत त्या बऱ्याचदा घटतात. त्यामुळे सातव्या महिन्यात ४,५०० असा आकडा आला तर प्रयोगशाळेचा छापील तक्ता त्याला ‘नॉर्मल’ म्हणतो, पण त्या बाईसाठी तो कमीच आहे. सी-३ आणि सी-४ या, प्रतिकारशक्तीला हातभार लावणाऱ्या पूरक प्रथिनांचेही तसेच. ल्युपस चाळवला की ती खाली जातात, गर्भारपणात ती वर चढतात. दोन्हींची बेरीज-वजाबाकी होऊन कागदावर मधलाच आकडा उमटतो. अशा वेळी एका आकड्याकडे पाहण्यापेक्षा चार आठवड्यांच्या अंतराने घेतलेले दोन आकडे शेजारी ठेवावेत. दुसरा खाली सरकला असेल, तर तक्त्याच्या चौकटीत असूनही तो संशयास्पद आहे.

आता क्षयरोगाकडे वळू. जिथे क्षयाचे प्रमाण जास्त आहे, तिथे मानेतली गाठ आणि संध्याकाळचा ताप म्हटले की तोच निष्कर्ष निघतो, आणि बहुतेकदा तो बरोबरही असतो. घोटाळा सुईच्या तपासणीपासून सुरू होतो. बारीक सुईने ओढलेल्या नमुन्यात मेलेल्या पेशींचा चुरा दिसतो, रिपोर्टवर ‘नेक्रोसिस, क्षयाची शक्यता’ असे येते आणि सहा महिन्यांचा कोर्स चालू होतो. दोन महिन्यांत गाठ विरते. औषध लागू पडले, म्हणून क्षयच होता, असा उलटा पुरावा मग सगळ्यांना पटतो. किकुचीची गाठ मात्र काही न देताही तेवढ्याच मुदतीत विरली असती! उलट खऱ्या क्षयाच्या गाठी कोर्स सुरू असताना पहिल्या काही आठवड्यांत कधी कधी फुगतात. म्हणजे गाठ किती झपाट्याने गेली यावरून निदान ठरवणे कुठल्याच बाजूने धरून नाही. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, इथॅम्ब्युटॉल ही औषधे गर्भारपणात देतात आणि क्षय असेल तर ती दिलीच पाहिजेत; क्षय उपचाराविना ठेवणे आई आणि बाळ दोघांनाही अधिक धोक्याचे आहे. पण ती गरजेशिवाय का घ्यावीत? आयसोनियाझिडचा यकृतावरचा त्रास गर्भारपणात आणि बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत वाढण्याची भीती असते. शिवाय रिफाम्पिसिनमुळे प्रेडनिसोलोन शरीरातून झपाट्याने बाहेर पडते, म्हणजे पुढे खरोखर स्टेरॉइडची गरज लागली तर नेहमीचा डोस अपुरा पडतो.

म्हणून गाठ दोन-तीन आठवड्यांत उतरली नाही, वाढत राहिली, किंवा तापाचे कारण सापडेना, तर पूर्ण गाठ काढून तपासावी. ‘बाळंतपण होऊ दे, मग बघू’ हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो, पण तो चुकीचा आहे. लिम्फोमा, म्हणजे अशा गाठींचा कर्करोग, असेल तर तेवढे महिने हातचे जातात. मानेची सोनोग्राफी बाळाला निर्धोक आहे. छातीच्या एक्स-रेत गर्भापर्यंत पोहोचणारा किरणोत्सर्ग ०.०१ मिलिग्रेहूनही कमी असतो. क्षयाची शंका असेल तर तो टाळण्यात शहाणपण नाही. एमआरआय लागलाच तर गॅडोलिनियमशिवाय (शिरेतून टोचायच्या रंगद्रव्याशिवाय) करावा.

गाठ काढणे ही भूल देऊन झोपवण्याची शस्त्रक्रिया नव्हे. वरवरची गाठ जागेवरच बधिर करून निघते. १ टक्का लिग्नोकेन ५ ते १० मिलिलिटर बहुधा पुरते, आणि किलोमागे ४.५ मिलिग्रॅमची मर्यादा त्यात ओलांडली जात नाही. विसाव्या आठवड्यानंतर बाईला सपाट उताणे झोपवू नये. उजव्या कुशीखाली उशी देऊन अंग थोडे डावीकडे कलवावे, नाहीतर गर्भाशयाचे ओझे मोठ्या शिरेवर पडून रक्तदाब उतरतो आणि दोष मात्र भुलीच्या औषधाला लागतो. मानेच्या मागच्या त्रिकोणातून खांदा उचलणाऱ्या स्नायूची नस (मज्जातंतू) त्वचेच्या फार जवळून जाते. ती दुखावली तर हात वर करणे अवघड होते, म्हणून हे काम घाईत उरकण्याचे नाही. सोनोग्राफीत सर्वांत विचित्र दिसलेली गाठ निवडावी, हाताला सोपी लागते म्हणून जवळची नव्हे, आणि ती आवरणासकट अखंड काढावी.

त्यानंतरची पाच मिनिटे आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाची, आणि दुर्लक्षही तिथेच होते. गाठ ताजी असतानाच तिचे दोन भाग करायचे. एक भाग गाठीच्या निदान दहापट फॉर्मेलिनमध्ये, दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात, त्यामुळे पूर्ण गाठ त्यात बुडवली की क्षयाचे कल्चर कायमचे गेले, आणि जीन एक्स्पर्ट या क्षयजंतू शोधणाऱ्या तपासणीलाही ताजा तुकडाच हवा असतो. पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर गर्भारपणाचा आठवडा, तापाचे दिवस, पुरळ किंवा सांधेदुखी, आणि स्टेरॉइड सुरू केले आहे का, हे लिहावे. नुसते ‘मानेची गाठ’ लिहून पाठवलेल्या नमुन्याचे उत्तरही तितकेच मोघम येते. बायोप्सीआधी स्टेरॉइड देऊ नये. लिम्फोमाच्या पेशी त्याने वितळतात, क्षय दबतो, किकुचीचे चित्र विस्कटते, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली कोणालाच खात्रीने बोलता येत नाही.

स्लाइडवर किकुची कसा दिसतो? गाठीच्या आतल्या भागात पेशींच्या मृत्यूचे ठिपके, केंद्रकांचा बारीक चुरा, आणि तो गिळणाऱ्या हिस्टिओसाइट पेशी, ज्यांतल्या काहींचे केंद्रक चंद्रकोरीसारखे बाजूला दाबलेले असते. सोबत सीडी-८ लिम्फोसाइट आणि प्लाझ्मासायटॉइड डेन्ड्रायटिक पेशींचे पुंजके. एवढा चुरा पडूनही न्यूट्रोफिल (पूमध्ये सापडणाऱ्या पांढऱ्या पेशी) जवळजवळ नसतात, हीच मोठी खूण. क्षयात दिसणारे ग्रॅन्युलोमा (पेशींचे घट्ट पुंजके) आणि मोठ्या बहुकेंद्री पेशी इथे नसतात. हिस्टिओसाइट सीडी-६८ आणि मायलोपेरॉक्सिडेज या दोन्ही रंगांना प्रतिसाद देतात. आजाराच्या सुरुवातीला मोठ्या, झपाट्याने वाढणाऱ्या पेशी इतक्या असतात की लिम्फोमा वाटावा, आणि तसे चुकून केमोथेरपीपर्यंत प्रकरण गेल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. गर्भवतीच्या बाबतीत ‘लिम्फोमा असावा’ असे आले तर गर्भपाताचा विचार करण्याआधी दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून स्लाइड वाचून घ्यावी.

खरी पंचाईत ल्युपसच्या गाठीशी गल्लत होण्याची. दोन्हींत चुरा, दोन्हींत न्यूट्रोफिल कमी. हेमॅटॉक्सिलिन पिंडे (मेलेल्या केंद्रकांचे जांभळे गोळे) आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचलेला डीएनए दिसला तर ल्युपसकडे बोट जाते, आणि प्रतिपिंडे बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी पुष्कळ असतील तेव्हाही. पण या खुणा दरवेळी भेटत नाहीत, आणि त्या नाहीत म्हणून ल्युपस नाही असे कोणी छातीठोकपणे सांगू नये. दोन आजार इतके सारखे का दिसावेत, याचे उत्तर रोगप्रतिकारशक्तीच्या यंत्रणेत आहे. ज्या प्लाझ्मासायटॉइड डेन्ड्रायटिक पेशी किकुचीच्या गाठीत गोळा होतात, त्याच टाइप-१ इंटरफेरॉन या प्रतिकारशक्तीला जागे करणाऱ्या प्रथिनाच्या मोठ्या उत्पादक आहेत. आणि ल्युपसची गाडीही याच इंटरफेरॉनवर धावते. विषाणूविरुद्ध लढताना इंटरफेरॉन उपयोगी पडतो, पण मरणाऱ्या पेशींचा केंद्रकातला माल उघड्यावर पडलेला असताना तोच वणवा पेटवतो, आणि शरीर स्वतःच्याच डीएनएविरुद्ध प्रतिपिंडे बनवू लागते. किकुचीला विषाणू कारणीभूत असावा अशी शंका अनेकदा घेतली गेली. एपस्टाइन-बार आणि इतर काहींची नावे आली, पण एकही ठामपणे सिद्ध झाला नाही.

ल्युपस किकुचीच्या आधी असू शकतो, सोबत दिसू शकतो, किंवा गाठ विसरून गेल्यावर काही महिन्यांनी, वर्षांनीही उगवू शकतो. श्योग्रेन (डोळे आणि तोंड कोरडे पडण्याचा आजार), हाशिमोटोचा थायरॉइड, मिश्र संयोजी ऊतींचा आजार, स्टिलचा आजार यांच्याशीही किकुचीची सोबत नोंदलेली आहे. बहुसंख्य रुग्णांना यांतले काहीच होत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. ‘किकुची झाला म्हणजे ल्युपस होणार’ असे ऐकून घाबरलेली गरोदर बाई आम्हाला नको आहे. फक्त तपासणी चुकवू नये.

कोणती तपासणी? आधी एएनए, म्हणजे स्वतःच्याच पेशीकेंद्रकांविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी, तीही इम्युनोफ्लुरोसन्स पद्धतीने, टायटरसह (रक्त किती पट पातळ करूनही प्रतिपिंड दिसतात तो आकडा). सध्याच्या ल्युपस वर्गीकरणाच्या २०१९ च्या निकषांत १:८० ही प्रवेशाची पायरी आहे. पण निरोगी माणसांतही दहांतल्या एकाला १:८० येऊ शकतो. केवळ तेवढ्यावर निदान करणे म्हणजे बाईच्या कपाळी आयुष्यभराचे लेबल डकवणे. एएनए पॉझिटिव्ह आला तर डबल-स्ट्रँडेड डीएनए आणि स्मिथ यांविरुद्धचे प्रतिपिंड, सी-३, सी-४. लघवीत प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, ०.३ ही मर्यादा. विसाव्या आठवड्याआधी प्रथिने जात असतील तर गर्भारपणाच्या रक्तदाबापेक्षा मूत्रपिंडाच्या आजाराचा विचार आधी करावा. नंतर जात असतील तर दोन्हींचा. लघवीत लाल पेशींचे साचे, घसरणारे सी-३ आणि चढणारा डीएनए-प्रतिपिंड ल्युपसच्या बाजूने बोलतात. बरोबरीने एचआयव्ही, सिफिलिस, टॉक्सोप्लाझ्मा, सीएमव्ही (सायटोमेगॅलो विषाणू) हे संसर्ग बघावेत. टॉक्सोप्लाझ्माची गाठही नेमकी मानेच्या मागेच लागते आणि गर्भाला त्याचा धोका किकुचीपेक्षा खूप मोठा.

आणि आता ज्या दोन तपासण्यांसाठी हे पत्र लिहिले त्या. पहिली अँटी-रो. हा प्रतिपिंड वार ओलांडून बाळात जातो. तो असलेल्या गर्भवतींपैकी सुमारे २ टक्क्यांच्या बाळाच्या हृदयातली विद्युतवाहक यंत्रणा बिघडते, ठोके मिनिटाला १४० ऐवजी ५०-७० वर येतात, आणि पूर्ण बंद पडलेली वाहिनी पुन्हा सुरू होत नाही. आधीच्या बाळाला हे झाले असेल तर पुढच्या वेळी धोका साधारण सहांतल्या एकाला. म्हणून सोळा-अठराव्या आठवड्यापासून सव्विसाव्यापर्यंत गर्भाच्या हृदयाची इको ठरावीक अंतराने करायची असते. आईला काही लक्षण असो वा नसो, एएनए निगेटिव्ह असो वा नसो, अँटी-रो वेगळा मागवावा; काही पद्धतींत रो प्रतिपिंड एएनएच्या जाळ्यातून निसटतो. दुसरी तपासणी अँटिफॉस्फोलिपिडची, म्हणजे रक्ताच्या गुठळ्या आणि गर्भपात यांचा धोका वाढवणाऱ्या प्रतिपिंडांची, तिन्ही भागांसह: ल्युपस अँटिकोॲग्युलंट, कार्डिओलिपिन, बीटा-२ ग्लायकोप्रोटीन. एकदा पॉझिटिव्ह आले तर बारा आठवड्यांनी पुन्हा करायचे, कारण संसर्गातही ते काही काळ चढते. हेपरिन (गुठळ्या रोखणारे औषध) सुरू असताना ल्युपस अँटिकोॲग्युलंटचा रिपोर्ट विश्वासाचा नसतो, म्हणून रक्त आधी घ्यावे.

उपचाराबद्दल थोडक्यात. बहुतेकींना पॅरासिटामॉल पुरते, ५०० मिलिग्रॅम ते १ ग्रॅम, सहा तासांच्या अंतराने, गरज असेल तेवढेच दिवस. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी गाठीचे दुखणे छान थांबते, पण विसाव्या आठवड्यापासून ती टाळायची: बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल घटते, आणि तिसाव्यानंतर बाळाची एक महत्त्वाची रक्तवाहिनी वेळेआधी मिटण्याची भीती असते. औषधाच्या दुकानातून ‘तापाची गोळी’ आणताना नेमके यांचे आणि पॅरासिटामॉलचे मिश्रण हातात पडते, म्हणून पाकिटावरची नावे वाचावीत. ताप आठवडेच्या आठवडे हटत नसेल किंवा त्रास फार असेल तर प्रेडनिसोलोन. वारेतले एक विकर त्यातला बराचसा भाग निष्क्रिय करते आणि सुमारे दहावा हिस्साच बाळापर्यंत पोहोचतो. डेक्सामेथासोन आणि बीटामेथासोन मात्र जसेच्या तसे पलीकडे जातात. बाळाची फुप्फुसे पिकवायला तीच वापरतात ती याचमुळे, आणि आईच्या गाठीसाठी ती वापरू नयेत तीही याचमुळे. स्टेरॉइड चालू असताना साखर आणि रक्तदाब तपासत राहावे. पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या आजारात, किंवा ल्युपसची चिन्हे असतील तर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत. हे गर्भारपणात आणि अंगावर पाजताना चालते. दिवस गेले म्हणून ते थांबवणे ही नेहमी होणारी चूक. थांबवले की ल्युपस उसळतो. अँटी-रो असेल तर तेच औषध बाळाच्या हृदयासाठीही सुचवले जाते. ल्युपस किंवा अँटिफॉस्फोलिपिड सिद्ध झाले तर बाराव्या आठवड्यापासून कमी मात्रेची ॲस्पिरिन, आणि आधीच्या गर्भपातांचा इतिहास जुळत असेल तर हेपरिनही. मेथोट्रेक्सेट आणि मायकोफिनोलेट मात्र गर्भारपणात वर्ज्यच.

एक धोका क्वचितच येतो, पण तो आला तर तासांचा हिशेब असतो. ताप हटत नाही, प्लीहा वाढते, तिन्ही प्रकारच्या रक्तपेशी घसरतात: हा हिमोफॅगोसायटिक सिंड्रोम (प्रतिकारशक्तीच्या पेशी रक्तपेशीच गिळू लागतात तो आजार) असू शकतो, आणि गर्भारपणात तो हेल्प सिंड्रोमचा, म्हणजे लाल पेशी फुटणे, यकृत बिघडणे आणि प्लेटलेट घटणे या गर्भारपणातल्या गुंतागुंतीचा, वेष घेऊन येतो. फेरिटिन (शरीरातल्या लोहसाठ्याचे प्रथिन) करून पाहावे. एरवी गरोदर बायकांत ते तळाला असते. हजारांत आले तर डोळे उघडावेत. फायब्रिनोजन (रक्त गोठवणारे प्रथिन) गर्भारपणात चढलेले हवे, म्हणून ‘नॉर्मल’ फायब्रिनोजनही इथे धोक्याची घंटा.

बाळाचे काय, हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारला जातो. गर्भारपणातल्या किकुचीची माहिती मुख्यतः एकेका रुग्णाच्या नोंदींतून येते. त्यांतल्या बहुतेक बायका सुखरूप बाळंत झाल्या, आणि नुसत्या किकुचीने बाळात व्यंग होते असा पुरावा नाही. प्रसूतीची पद्धत त्यावरून बदलण्याचे कारण नाही.

बाळंतपणानंतर मात्र सावध राहावे. नऊ महिने गर्भाला सांभाळून घेणारी प्रतिकारशक्ती पुन्हा उचल खाते, आणि ल्युपस बऱ्याचदा याच महिन्यांत डोके वर काढतो. केस गळणे, सांधे आखडणे, तोंडात फोड, उन्हात गेल्यावर गालांवर चट्टे, लघवीला फेस: बाळंतिणीच्या धावपळीत यांतले निम्मे ‘झोप नाही म्हणून’ खात्यावर जमा होते. एएनए, रक्ताची मोजणी आणि लघवीची तपासणी तीन, सहा आणि बारा महिन्यांनी, मग काही वर्षे वर्षातून एकदा. अँटिफॉस्फोलिपिड पॉझिटिव्ह असेल तर इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी घेऊ नये; तांबी किंवा केवळ प्रोजेस्टेरॉनवरची साधने यांबद्दल विचारावे. ल्युपस सिद्ध झाला तर तो सहा महिने शांत राहिल्याशिवाय पुढचे मूल नको.

एक विनंती रुग्णालयांनाही. डिस्चार्ज कार्डावर ‘मानेची गाठ, बरी झाली’ एवढेच लिहून सोडू नये. बायोप्सीची तारीख, नमुना क्रमांक, एएनएचे टायटर, अँटी-रो आहे की नाही, पुढची तपासणी कोणत्या महिन्यात, हे त्याच कार्डावर यावे. आणि घरच्यांनी स्लाइड व मेणाचा ब्लॉक मागून घेऊन जपून ठेवावा; पाच वर्षांनी ल्युपसचा प्रश्न आला तर तोच ब्लॉक पुन्हा कापून वाचता येतो.

आपले,
पॅथॉलॉजी, संधिवातशास्त्र आणि प्रसूतिशास्त्र या विषयांत काम करणारे तिघे डॉक्टर